मेलो असतो तर नाव आलं असतं

ऑगस्ट 2023मध्ये 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत देशभर ग्रामपंचायतींसमोर शिलाफलक लागले. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावातही लागला. 1971ची लढाई लढलेले माझे आजोबा टोपी घालून कार्यक्रमाला गेले, फलक वाचून परत आले. "मेलो असतो तर नाव आलं असतं बघ," म्हणाले आणि म्हशीला वैरण टाकायला गेले. त्यांनी ते हसत म्हटलं. मला हसू आलं नाही.

फलक देशासाठी प्राण दिलेल्या वीरांसाठी होता, हे मान्य. पण मग जे गेले, लढले आणि जिवंत परतले, त्यांच्यासाठी गावात काय आहे? पंधरा ऑगस्टला एक नारळ, एक शाल आणि ज्यांनी शाल दिली त्यांचा फ्लेक्सवर मोठा फोटो.

आपल्यापेक्षा इंग्रज या बाबतीत हिशेबी होते. महाराष्ट्रात कित्येक गावांत संगमरवराची एक छोटी पाटी आढळते: 1914 ते 1919च्या महायुद्धात या गावातून इतके जण गेले, पैकी इतके मेले. गेलेले आणि मेलेले, दोन्ही मोजले. पण नाव मात्र एकाचंही नाही. बसऱ्याच्या स्मारकावर तर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि शिपायांचा नुसता आकडा टाकला. त्याच मेसोपोटेमियात, कूतच्या वेढ्यात मराठा पलटणी उपाशी लढल्या होत्या. या भेदभावाबद्दल राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने माफी मागितली ती 2021मध्ये. शंभर वर्षांनी.

म्हणजे त्यांनी परतलेल्यांना मोजलं, पण नाव दिलं नाही. आपण नाव देतो, पण त्यासाठी आधी मरावं लागतं.

नावाने काय होतं, हे पाहायचं तर नगरहून पुण्याला जाताना भीमा कोरेगावला उतरा. जयस्तंभावर मेलेल्यांची 49 नावं आहेत, त्यातली 22 'नाक' या शेवटाची, म्हणजे महार शिपायांची. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तिथे गेले. कंपनी सरकारने तो खांब स्वतःच्या फुशारकीसाठी उभारला होता, पण दगडावर नावं होती म्हणून एका समाजाला त्यात आपला इतिहास वाचता आला. नुसता आकडा असता तर काय वाचलं असतं?

गावात मी हा विषय काढला तेव्हा एक काका म्हणाले, "शहीद आणि पेन्शनर एका दगडावर कसे चालतील? बलिदानाची किंमत कमी होते." प्रश्न खोटा नाही. ज्या घरातला पोरगा परत आला नाही, त्या घराचं दुःख वेगळंच. त्यांची नावं वर घ्या, वेगळी घ्या, मोठ्या अक्षरांत घ्या. पण खाली जागा उरते ना? उद्घाटकांच्या नावांना तर ती कायमच उरते.

नगरमध्ये रणगाड्यांचं मोठं संग्रहालय आहे. 1965ला पाकिस्तानकडून जिंकलेल्या पॅटनसोबत आपण सगळ्यांनी फोटो काढलेत. तिथे रणगाड्यालासुद्धा माहितीची पाटी असते. आमच्या आजोबांना नाही.

आजोबा मागच्या वर्षी गेले. त्यानंतर मी आणि दोन मित्रांनी घरोघरी जाऊन यादी करायला घेतली. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, ट्रंकेतले फोटो, सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. आतापर्यंत एकोणीस नावं झाली. दोन जागा अजून अर्धवट आहेत: एकाला म्हाताऱ्या बाया 'सुताराचा थोरला' एवढंच म्हणतात, आणि दुसऱ्याचं घरच आता गावात नाही. अर्ज ग्रामसभेत दिला आहे. "विषयपत्रिकेत नव्हता, पुढच्या वेळी बघू," असं उत्तर मिळालं. पुढची ग्रामसभा सव्वीस जानेवारीला आहे. तोवर सुताराचा थोरला कोण, ते शोधतोय.