‘रोहना’ बोटीची गोष्ट

परवा वर्गात एकाने विचारलं, “बाई, उतारूंची बोट लढाईत काय करणार?” तर ऐका.

‘रोहना’ ही बोट १९२६ साली इंग्लंडात बांधली. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट मद्रासहून सिंगापूरला जायची. उतारूही न्यायची, मालही. दुसरं महायुद्ध पेटलं आणि १९४० साली सरकारने ती ताब्यात घेतली. आता उतारूंच्या जागी सैनिक!

२६ नोव्हेंबर १९४३. ‘रोहना’ अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळून सुएझकडे निघाली होती. बोटीवर सुमारे दोन हजार अमेरिकन सैनिक. संध्याकाळी जर्मन विमानाने बॉम्ब सोडला. साधासुधा नव्हे बरं का, विमानातून रेडिओने वळवता येणारा! तो नेमका बोटीत घुसला. अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यांत १०१५ अमेरिकन सैनिक. ‘पायोनियर’ या जहाजाने अंधारातही सहाशेहून अधिक जणांना वाचवलं.

दुःखाची गोष्ट म्हणजे, तरंगायचा पट्टा कसा वापरायचा हे कित्येकांना नीट शिकवलंच नव्हतं. पट्टा काखेत हवा. तो कमरेला राहिला की माणूस उलटा होतो, डोकं पाण्यात जातं.

लढाईमुळे ही बातमी दडवून ठेवली. बोटीवरचे शंभराहून अधिक कर्मचारीही बुडाले, बहुतेक आपले भारतीय खलाशी. त्यांची आठवण तर फारच थोड्यांना आहे.

म्हणून सांगते, शाळेत आग लागल्यावर काय करायचं याचा सराव असला, की खिदळू नका. आणि पालकहो, मुलांना आज घरी एवढंच विचारा, “काय काय शिकलास, करून दाखव बघू!”