तिरोड्याचे भोसले, तोजोचं सरकार

परळ-लालबागच्या चाळींत अर्धं सावंतवाडी संस्थान नांदतं, तरी तिरोड्याच्या जगन्नाथराव भोसल्यांचं नाव इथे फारसं कोणी काढत नाही. 21 ऑक्टोबर 1943 रोजी सिंगापुरात सुभाषबाबूंनी आझाद हिंद सरकार स्थापन केलं, त्याच्या मंत्रिमंडळात हे होते.

त्या सरकारला जपानचं बाहुलं म्हणण्यात कम्युनिस्ट सगळ्यांत पुढे. त्यांच्या पत्रांतली सुभाषबाबूंची व्यंगचित्रं आज बघवत नाहीत. पण चित्रं ओंगळ, म्हणून मुद्दा खोटा असं होत नाही. अंदमानचंच घ्या. जपानच्या ताब्यातली ही बेटं आझाद हिंदला देऊ, असं जपानचा पंतप्रधान तोजो यानं जाहीर केलं. डिसेंबरअखेर सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरला झेंडा फडकवला, बेटांना शहीद आणि स्वराज ही नावं मिळाली. त्याला महिना होतो न होतो तोच, 30 जानेवारी 1944ला, जपान्यांनी होम्फ्रेगंजला हेरगिरीच्या आरोपाखाली 44 हिंदी माणसं गोळ्या घालून मारली. पुढे आझाद हिंदचे लोगनाथन कमिशनर म्हणून आले; पोलीस खातं जपान्यांनी सोडलंच नाही, त्यांच्या हाती पडलं ते शिक्षण खातं! याला राज्य म्हणायचं तर म्हणा बापडे.

अशी राज्यं पाठीराखा हटला की आटोपतात. 1920 साली इराणच्या गिलानमध्ये लाल सेनेच्या बळावर प्रजासत्ताक उभं राहिलं. मॉस्कोला लंडन-तेहरानशी करार सोयीचे वाटले आणि वर्ष-सव्वा वर्षात खेळ खलास. आझाद हिंदचं उलटं झालं. जपान हरला, सरकार विरलं आणि मग इंग्रजांनी आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात खटला भरून त्याला घरोघरी पोचवलं. फेब्रुवारी 1946मध्ये मुंबईत नौसैनिक उठले, तेव्हा आझाद हिंदच्या कैद्यांना सोडा, ही त्यांची एक मागणी होती. काँग्रेसचे वल्लभभाई पटेल सबुरीचा सल्ला देत होते. 22 तारखेच्या बंदची हाक दिली ती कम्युनिस्टांनी, आणि गिरण्या ओस पडल्या. परळमध्ये गोळीबार झाला, त्यात पक्षाच्या कमल दोंदे गेल्या. शहरभरात त्या दिवसांत दोनशेहून अधिक माणसं मेली.

माझ्या मते सरकार बाहुलंच होतं. पण त्याच्या कैद्यांसाठी परळचा कामगार रस्त्यावर आला, तो काही तोजोच्या सांगण्यावरून नव्हे. सुभाषबाबूंबाबतची चूक कम्युनिस्ट पक्षानं पुढे कबूल केली. काँग्रेसचं काय? खटल्यात वकिली करून टाळ्या घेतल्या, आणि सत्तेवर आल्यावर आझाद हिंदच्या शिपायांना सैन्यात परत घेतलं नाही. भोसले मात्र काँग्रेसचे खासदार आणि उपमंत्री झाले.

— परळकर