पहिला चौरस

संख्यांच्या आज्ञेने लाकूड किंवा धातू कोरणारे मिलिंग यंत्र, ज्यास आपण सीएनसी यंत्र म्हणतो, ते आता घरातील टेबलावर मावेल एवढे लहान झाले आहे. ‘३०१८’ या आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांचे कार्यक्षेत्र सुमारे ३० सेंटिमीटर लांब व १८ सेंटिमीटर रुंद असते. असे यंत्र घरी अथवा शाळेत आल्यावर प्रथम काय करावे, याविषयीचे माझे मत काहींना नीरस वाटेल. नावाची पाटी, गणपतीची आकृती, नक्षीची जाळी यांपैकी काहीही करू नये. मऊ लाकडाच्या फळीतून ५० मिलिमीटर बाजूचा एक चौरस कापावा आणि तो मोजावा. तो बरोबर येईपर्यंत दुसरे काम हाती घेऊ नये.

अशा यंत्रामुळे कारागिराच्या बुद्धीची गरज उरली नाही, असा एक समज आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती तयार करीत असत. वक्राकृतीवरील बिंदू आधी गणिताने काढले जात. मग दोन कामगार त्या संख्यांनुसार आपापल्या दिशेचे चाक फिरवून कर्तक त्या जागी नेत. पुढे १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत छिद्रांकित फितीवरून आज्ञा घेणारे यंत्र दाखविण्यात आले. यंत्राने आपल्याकडे घेतले ते चाक फिरविण्याचे श्रम. कोठे आणि किती कापावयाचे, हा विचार माणसाकडेच राहिला.

तो त्याच्याकडेच राहणे आवश्यकही आहे. कारण हे यंत्र आज्ञाधारक असले तरी आंधळे आहे. समजा, मोटरचा एक फेरा २०० टप्प्यांत पूर्ण होतो आणि तेवढ्यात आट्यांच्या दांड्यावरील नट ४ मिलिमीटर सरकते. म्हणजे एका टप्प्यास ०.०२ मिलिमीटर. ही सूक्ष्मता पाहून आपण थक्क होतो. परंतु सांगितलेले टप्पे मोटरने खरोखर घेतले की नाही, हे पाहण्याची सोय बहुतेक लहान यंत्रांत नसते. कर्तक लाकडात अडकला आणि काही टप्पे चुकले, तरी आपण योग्य जागीच आहोत असे समजून यंत्र पुढे जाते. ‘जी २१’ म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये, ‘जी २०’ म्हणजे इंचांत. या एका अंकाची चूक झाली, तर प्रत्येक अंतर २५.४ पट होते.

अशा चुका उघड करण्यास चौरसाइतका प्रामाणिक साक्षीदार नाही. कर्तकाचा व्यास ३ मिलिमीटर असून त्याचे केंद्र नेमके आखलेल्या रेषेवरून नेले, तर आतील तुकडा ५० ऐवजी ४७ मिलिमीटरचा निघतो. म्हणून मार्ग दीड मिलिमीटर बाहेरून आखावा लागतो. बाजू समान, पण दोन्ही कर्ण ७०.७१ मिलिमीटर भरत नाहीत, तर यंत्राचे अक्ष परस्परांशी काटकोनात नाहीत. एकाच दिशेची बाजू चुकते, तर त्या अक्षाचे टप्प्यांचे प्रमाण किंवा त्याच्या आट्यांतील ढिलेपणा तपासावा. पायथागोरसाचा सिद्धांत पाठ केलेल्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग येथे हातात धरून पाहता येतो.

वेगाविषयीही एक गैरसमज आहे: हळू चालविले की सुरक्षित. मिनिटाला ८,००० फेरे घेणाऱ्या, दोन धारांच्या कर्तकाने प्रत्येक धारेस ०.०३ मिलिमीटर जाडीचा छिलका काढावा असे ठरविले, तर यंत्र मिनिटाला ४८० मिलिमीटर सरकले पाहिजे. त्याहून फारच हळू नेल्यास धार कापण्याऐवजी घासते, तापते, आणि लाकूड करपते.

शिक्षक म्हणतील की चौरसाने मुले कंटाळतील. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तयार आराखडा आणून कळ दाबावयाची असेल, तर चौरस खरोखरच कंटाळवाणा आहे. परंतु त्याच्या चार बाजूंच्या चार आज्ञा मुलाने स्वतः वहीत लिहिल्या, आणि त्याच संख्या लाकडात उमटताना पाहिल्या, तर कंटाळ्यास फारशी जागा उरत नाही. इतरांच्या आराखड्यावर सुंदर वस्तू काढणाऱ्याचे यंत्र एके दिवशी चुकते, त्याचे कारण त्याला उमगत नाही, आणि यंत्रावर कायमचे कापड पडते. मुलाचा उत्साहही त्याच कापडाखाली जातो. ही हानी यंत्राच्या किमतीहून मोठी होय.

काही नियमांना मात्र अपवाद नाही. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. मोकळे केस, ओढणी व हातमोजे फिरत्या कर्तकापासून दूर असावेत. एमडीएफची किंवा काचतंतूच्या पाटीची धूळ श्वासात जाऊ देऊ नये. ती ओढून घेण्याची सोय करावी. तुकडा पक्का आवळावा, पहिली फेरी त्याच्या वर हवेतच करून पाहावी, आणि चालू यंत्र सोडून कधीही जाऊ नये.

यंत्र विकत घेणाऱ्याने त्याच दिवशी एक चांगला व्हर्निअर कॅलिपर आणि एक गुण्याही घ्यावा. यंत्राला डोळे नाहीत. ते आपणच पुरवावयाचे आहेत.