अंगणातील हिरवाई : सोनचाफ्याच्या पानांवरील ठिपके

गेल्या श्रावणात आळेफाट्याच्या आमच्या दुकानामागील अंगणातला कलमी सोनचाफा एकाएकी उदास दिसू लागला. मातोश्रींनी स्वहस्ते लावलेले आणि छाटून छाटून झुडपासारखे ठेवलेले हे झाड. देरासरात वाहावयाची फुले कित्येक वर्षे त्याचीच. प्रथम खालच्या पानांवर तपकिरी ठिपके उमटले, मग पाने पिवळी पडून रोज सूपभर गळू लागली.

मी घाईने औषधांच्या दुकानी गेलो. "शेठ, कीड आहे, हे मारा," असे म्हणून दुकानदाराने पान न पाहताच कीटकनाशकाची बाटली हाती ठेवली. आम्ही ती फवारली. दुसऱ्या दिवशी झाडाखाली मुंग्या आणि दोन मधमाश्या मरून पडलेल्या दिसल्या. ठिपके मात्र वाढतच राहिले. मातोश्री काही बोलल्या नाहीत, पण सायंकाळी प्रतिक्रमणाला बसताना त्यांनी मला जवळ बोलावून घेतले. धान्याचा नमुना तळहातावर घेतल्यावाचून भाव न सांगणारा मी, पान न पाहता औषध घेऊन आलो होतो.

तेव्हा वाचकहो, आधी पान पाहावे. ठिपका गोलसर, मध्ये राखाडी, कडेला गडद आणि त्यात मोहरीहूनही बारीक काळे कण असतील, तर तो बहुधा बुरशीचा रोग. ठिपका शिरांनी अडवल्यासारखा कोनदार व पाणथळ दिसला, तर जिवाणूंचा संशय घ्यावा. मखमलीसारखा हिरवट-नारिंगी थर असेल, तर ते शेवाळ. नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर रोग नव्हेच. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही एवढेच. शंका राहिल्यास ठिपक्याचे पान ओल्या कागदासह पिशवीत दोन-तीन दिवस बंद ठेवावे. बुरशी असेल तर ती पुष्कळदा ठिपक्यावर उगवून दिसते. आमच्या पानावर ती उगवली. एवढ्यानेही उलगडा न झाल्यास नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी पान दाखवावे.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. सोनचाफ्याचे जुने शास्त्रीय नाव मायकेलिया. आता त्याची गणना मॅग्नोलियात होते. ते नाव फ्लोरेन्सच्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडले. बुरशी आपोआप उपजत नसून सूक्ष्म बीजाणूंपासून वाढते, हे खरबुजाच्या फोडींवर तिचे बीजाणू टाकून त्याने दाखवले आणि 1729 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्याच्याच नावाच्या झाडाला बुरशीने गाठावे!

उपाय सांगितला तो आमच्या एका द्राक्षबागायतदार स्नेह्याने. गळलेली पाने रोज वेचून दूर खड्ड्यात पुरावीत, कारण बुरशी त्यांतच दबा धरते. आतल्या दाट फांद्या विरळ कराव्यात. पाणी सकाळी बुंध्याशी द्यावे. नळीने पाने भिजवण्याची आमची हौस हीच अर्धी चूक होती. माळशेजकडून भुरभुर सुरू झाली की पाने तशीही ओली राहतात.

एवढे करूनही रोग पसरत असेल तरच एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. अर्ध्या लिटर पाण्यात 10 ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये 10 ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत, लोखंडाच्या नव्हे. मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ढवळत ओतावे व गाळून घ्यावे. स्वच्छ लोखंडी सुरी क्षणभर बुडवावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घालावा. मिश्रण त्याच दिवशी, पाऊस उघडल्यावर वापरावे. सततच्या ओलीत तांब्यामुळे कोवळी पालवी करपते. हातमोजे घालावेत, उरलेले विहिरीजवळ ओतू नये. फ्रान्समध्ये द्राक्षे चोरणाऱ्या वाटसरूंना भिवविण्यासाठी वेलींवर हे निळे मिश्रण शिंपडीत. त्या वेली रोगातून वाचल्याचे मिलार्दे यांच्या लक्षात आले आणि 1885 मध्ये त्यांनी हा उपाय जाहीर केला.

जुन्या पानांवरचे ठिपके जात नाहीत; गुण नव्या पालवीवरून ओळखावा. आम्ही दोनदा फवारले. त्या काळात उमललेली फुले मातोश्रींनी देरासरात नेली नाहीत, झाडावरच राहू दिली. दिवाळीपर्यंत शेंड्याची पाने स्वच्छ निघाली. सकाळी पाने वेचण्याचे काम आता नातवंडांकडे आहे.