घराणं चौकड्यांचं

ग्लासगोला तीन महिन्यांच्या ऑनसाइटवर होतो. शेवटचा वीकएंड मॉलमध्ये घालवायचा नाही, एवढं पक्कं होतं. मग ओबनहून फेरी, मल बेटावर बस, फियनफर्टहून छोटी बोट... आणि समोर स्टॅफा बेटावरची फिंगल्स केव्ह! संगीतकार मेंडेलसन १८२९ मध्ये इथं आला आणि त्यातून त्याला हेब्रिडीज ओव्हर्चर सुचलं. मी आलो आणि बोटीचा कठडा धरून उलटी आवरत बसलो.

पण गुहेच्या तोंडाशी बोटीचं इंजिन मंदावलं आणि सगळं विसरलो. काळ्या बेसॉल्टचे उभे षटकोनी खांब, एकाला एक चिकटून. लाट आत शिरते, खोल कुठेतरी घुमते, मग सावकाश परत येते. गेलिकमध्ये हिचं नावच 'सुरेल गुहा'. सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला, तडकला, त्याचे हे खांब. आपल्या अंधेरीची गिल्बर्ट हिल याच प्रकारातली. घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. कधी गेलोय? असो.

ओबनला परतल्यावर बाबांसाठी टार्टनचा मफलर घ्यायला दुकानात शिरलो. भिंतभर चौकड्या, प्रत्येकीखाली एका घराण्याचं नाव. माझं आडनाव अर्थातच नव्हतं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘‘आवडेल तो घ्या हो.’’

रात्री हॉटेलात वाचत बसलो. कापड जुनंच, पण 'एक घराणं, एक टार्टन' ही शिस्त बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. कलोडनच्या पराभवानंतर १७४६ मध्ये हायलँडच्या पुरुषांच्या या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला. स्वागताचा थाट वॉल्टर स्कॉटनं मांडला, सगळीकडे टार्टन! मग प्रत्येकाला 'आमचा कुठला?' हा प्रश्न पडला. बॅनकबर्नच्या विणकरांकडे नुसत्या नंबरांनी ओळखली जाणारी काही डिझाइन्स घराण्यांच्या नावांनी खपली. खरं सांगतो, थोडा हिरमोड झाला. पैसे मोजले होते ना!

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा मिलमध्ये साच्यावर होते, १९८२ च्या संपापर्यंत. त्यानंतर घरात मिलचा विषय नाही. घराण्याची स्टोरी सांगायला लागलो, तर मला मध्येच तोडून म्हणाले, ‘‘जवळ धर. अजून.’’

मग ओठ हलवत पट्टे मोजले. ‘‘ताण्यात जो क्रम, तोच बाण्यात. बघ, एकच रंग आडवा-उभा भेटतो तिथं गडद, दुसऱ्याला भेटतो तिथं मिसळ. एक धागा चुकला की सगळी चौकट ओरडते.’’

पुढची वीस मिनिटं ते बोलत होते. धोटा, तुटलेला धागा, कानठळ्या बसवणारं खातं. मी पस्तीस वर्षांचा आहे. यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. शेवटी माझ्या फोनची बॅटरी संपली.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी गिल्बर्ट हिलला निघालोय. बाबाही येतायत. मफलर घालून. मुंबईत, जून महिन्यात.