बिली हॉलिडेची साक्ष

जॅझ संगीताच्या इतिहासात बिली हॉलिडे हे नाव आदराने घेतले जाते. तिच्या आवाजाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. तिच्या व्यसनाबद्दल त्याहून अधिक लिहिले गेले. परंतु एका कृष्णवर्णीय स्त्रीचा पोट भरण्याचा हक्क पोलीस खात्याने एका कार्डाच्या आधारे कसा काढून घेतला, याची चर्चा फारशी होत नाही. १९५६ साली तिचे ‘लेडी सिंग्ज द ब्लूज’ हे आत्मकथन पत्रकार विल्यम डफ्टी यांच्या सहकार्याने प्रसिद्ध झाले. संगीताच्या चाहत्यांनी ते वाचलेच आहे. आपण ते कायद्याच्या अंगाने वाचले पाहिजे.

बिलीचे मूळ नाव एलिनोरा फेगन. जन्म ७ एप्रिल १९१५ रोजी फिलाडेल्फियातला, बालपण बाल्टिमोरचे. वडील गिटारवादक, त्यांनी संसार सांभाळला नाही. आई दुसऱ्यांच्या घरी राबत असे. शाळा बुडवते म्हणून या मुलीला वयाच्या नवव्या वर्षी सुधारगृहात पाठवण्यात आले. पुढे मायलेकी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आल्या. संगीताचे कोणतेही रीतसर शिक्षण नसताना १९३३ साली, अठराव्या वर्षी, तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली.

नाव झाले, पण वर्ण सुटला नाही. काउंट बेसी यांच्या कृष्णवर्णीय वाद्यवृंदात गात असताना डेट्रॉइटच्या नाट्यगृहात तिला तोंडाला काळा रंग फासायला लावला, असे ती सांगते. ती उजळ दिसते, प्रेक्षकांना गोरी वाटेल, हे कारण. १९३८ साली ती आर्टी शॉ यांच्या गोऱ्या वाद्यवृंदात गेली. तेथे न्यूयॉर्कच्या लिंकन हॉटेलात तिला सामानाच्या लिफ्टने जा-ये करण्यास सांगण्यात आले. म्हणजे एका ठिकाणी ती पुरेशी काळी नव्हती आणि दुसऱ्या ठिकाणी फारच काळी होती. तिने तो वाद्यवृंद सोडला.

१९३९ साली ‘कॅफे सोसायटी’ या क्लबात तिने ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गाणे गायला सुरुवात केली. काळे आणि गोरे प्रेक्षक जेथे शेजारी शेजारी बसू शकत, अशा त्या काळातील मोजक्या जागांपैकी ही एक. दक्षिणेत गोऱ्यांच्या झुंडी कृष्णवर्णीयांना ठार मारून झाडाला लटकावत, त्यावरचे हे गाणे. ते सुरू होण्यापूर्वी वेटर काम थांबवत, दिवे मालवले जात. तिच्या कोलंबिया कंपनीने ते ध्वनिमुद्रित करण्यास नकार दिला. शेवटी कमोडोर या छोट्या कंपनीने ते काढले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मे १९४७ मध्ये हेरॉईन बाळगल्याच्या आरोपाखाली बिलीला अटक झाली. खटल्याचे नाव होते, अमेरिकेची संयुक्त संस्थाने विरुद्ध बिली हॉलिडे. एवढे बलाढ्य राष्ट्र एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला एकटी बाई. तिच्या वतीने उभा राहायला वकीलही नव्हता. तिने गुन्हा कबूल केला आणि उपचारासाठी रुग्णालयात पाठवावे अशी विनंती केली. तिला तुरुंगात पाठवण्यात आले. मार्च १९४८ मध्ये ती सुटली आणि काही दिवसांतच कार्नेगी हॉलमध्ये तिच्या कार्यक्रमाला तुडुंब गर्दी झाली.

शिक्षा भोगून झाली होती. तरीही खरी शिक्षा पुढेच होती. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून दारू विकणाऱ्या क्लबात काम करायचे तर पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ घ्यावे लागे. त्यासाठी बोटांचे ठसे द्यावे लागत. गायक, वादक, वेटर, सर्वांना हा नियम. बिलीला हे कार्ड पुन्हा मिळाले नाही. जॅझचे सगळे जगणेच या क्लबांवर. कार्नेगी हॉलमध्ये वर्षातून एखादा कार्यक्रम करून कोणाची चूल पेटत नाही. पियानोवादक थेलोनियस मंक यांचेही कार्ड १९५१ साली गेले आणि सुमारे सहा वर्षे ते न्यूयॉर्कच्या क्लबांतून बाहेर राहिले. ही पद्धत १९६७ साली रद्द झाली. न्यायालयाने दिलेली शिक्षा कधीतरी संपते. परवाना देणाऱ्या टेबलावरची शिक्षा मात्र संपत नाही, कारण तिला मुदतच नसते.

या आत्मकथनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की त्यातील तपशील चुकीचे आहेत. काही खरोखरच चुकीचे आहेत. आईवडिलांचे लग्न झाल्याचे ती लिहिते. ते कधीच झाले नव्हते. ‘स्ट्रेंज फ्रूट’च्या चालीत आपला वाटा असल्याचे ती सांगते. वास्तविक त्या गाण्याचे शब्द आणि चाल दोन्ही एबल मीरोपोल या ज्यू शाळाशिक्षकाची. त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु साक्षीदाराच्या किरकोळ विसंगतीने मूळ साक्ष खोटी ठरत नाही, हे फौजदारी न्यायालयात रोज सांगितले जाते. मग हाच निकष शोषितांच्या आत्मकथनाला का लावला जात नाही? सामानाची लिफ्ट, तुरुंग, नाकारलेले कार्ड, यांपैकी काय खोटे आहे? आत्मकथने वाचत मोठ्या झालेल्या आपल्या वाचकाला हा आक्षेप आणि त्यामागची नजर वेगळी समजावून सांगायला नको.

जून १९५९ मध्ये बिली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन रुग्णालयात मरणशय्येवर होती. तेथेच तिला अमली पदार्थ बाळगल्याबद्दल अटक झाली आणि दारावर पोलिसांचा पहारा बसला. १७ जुलै १९५९ रोजी, ४४ व्या वर्षी ती गेली. बँकेत तिच्या नावावर ७० सेंट होते. व्यसन हा आजार आहे आणि आजाऱ्यामागे पोलीस लावू नयेत, हे तीन वर्षांपूर्वीच तिने आपल्या पुस्तकात लिहून ठेवले होते.

आणि ज्या झुंडबळींचे गाणे ती गायली, त्यांचे काय झाले? झुंडबळीविरुद्ध केंद्रीय कायद्याचे विधेयक जॉर्ज हेन्री व्हाइट या कृष्णवर्णीय प्रतिनिधीने १९०० साली अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये मांडले होते. कायदा झाला मार्च २०२२ मध्ये. मधली १२२ वर्षे विधेयके येत राहिली आणि अडवली जात राहिली. ती अडवणारेही कायदा जाणणारेच होते.

म्हणून कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या तरुणांनी हे आत्मकथन अवश्य वाचावे. जेथे जेथे माणसाची रोजीरोटी परवाना, नोंदणी वा चारित्र्य पडताळणीवर टांगलेली असते, तेथे तीन प्रश्न विचारावेत. परवाना नाकारण्याचा अधिकार कोणाला आहे? कारण लेखी दिले जाते काय? आणि त्याविरुद्ध दाद कोठे मागायची? बिली हॉलिडेच्या वतीने हे प्रश्न वेळेवर विचारणारा कोणी तिला भेटला नाही.