भावाची परीक्षा आणि शाळेतलं तांदळाचं पोतं



आजचा विषय थोडा वेगळा आहे. पहिली ते चौथीच्या वर्गाशी याचा काय संबंध, असं सुरुवातीला वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा. संबंध आहे, आणि तो माझ्या मनाला लागलेला आहे.

माझा धाकटा भाऊ चाकणला एका गोदामात नोकरी करतो. बी.कॉम. झालाय, वय एकतीस. आलेला माल उतरवून घ्यायचा, मोजायचा, कॉम्प्युटरवर चढवायचा आणि मागणी आली की पाठवायचा, हे त्याचं काम. आठ वर्षं झाली. पुढे 'प्लॅनर'च्या जागेवर जायचं असेल तर सीपीआयएम कर, असं त्याच्या साहेबांनी सुचवलं.

सीपीआयएम म्हणजे 'सर्टिफाईड इन प्लॅनिंग अँड इन्व्हेंटरी मॅनेजमेंट'. ही परीक्षा घेणारी संस्था १९५७ मध्ये अमेरिकेत 'एपिक्स' या नावाने सुरू झाली. आता तिचं नाव 'असोसिएशन फॉर सप्लाय चेन मॅनेजमेंट' आहे. सप्लाय चेन म्हणजे पुरवठा साखळी. शेतातल्या कापसापासून अंगातल्या शर्टापर्यंत माल ज्या ज्या हातांतून जातो ती सगळी साखळी. कुठे किती साठवायचं, कधी मागवायचं, किती बनवायचं, हे ठरवण्याचं शास्त्र. परीक्षेला अभ्यासाचे ८ विभाग, १५० बहुपर्यायी प्रश्न आणि साडेतीन तास वेळ. गुण २०० ते ३५० या मापात देतात आणि पास व्हायला ३०० लागतात. फी डॉलरमध्ये भरावी लागते, आपल्या खिशाला ती जड जाते.

भावाला पहिल्या वेळी २८४ मिळाले.

"ताई, माझं इंग्रजीच कच्चं"

निकालाच्या दिवशी तो घरी आला आणि एवढंच म्हणाला, "ताई, मराठी मिडियमवाल्यांचं हे काम नाही." खरं सांगते, मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग रात्री त्याची वही चाळली. वही सुंदर होती. सेफ्टी स्टॉक, लीड टाइम, मास्टर शेड्यूल, सगळ्यांच्या व्याख्या लाल पेनाने अधोरेखित. त्यासोबत एका क्लासच्या ग्रुपवरून मिळालेली 'हमखास येणारे ५०० प्रश्न' अशी पीडीएफ. तीसुद्धा त्याने पाठ केली होती.

मी विचारलं, "सेफ्टी स्टॉक म्हणजे काय रे?" त्याने इंग्रजीत घडाघडा व्याख्या म्हटली. एकही शब्द चुकला नाही. मी म्हटलं, "आता आईला समजेल असं सांग." तो गप्प बसला.

जो माणूस आठ वर्षं रोज गोदामात जातो, ज्याच्या तोंडी 'लीड टाइम' हा शब्द चहासारखा आहे, त्याला सांगता येईना. म्हणजे अडचण इंग्रजीची नव्हती. अडचण पाठांतराची होती. आणि ती सवय त्याला कुणी लावली? तो दहावीला होता तेव्हा माझं डीएड नुकतंच झालं होतं. गाईड समोर ठेवून मीच त्याच्याकडून व्याख्या घोकून घेतल्या होत्या. "समजलं नाही तरी चालेल, शब्द चुकू देऊ नकोस," हे वाक्य माझं आहे.

तांदळाचं पोतं

दुसऱ्या दिवशी शाळेत पोषण आहाराची नोंदवही भरत होते. आपण सगळेच भरतो. आरंभीची शिल्लक, आलेला माल, खर्च, अखेरची शिल्लक. भरता भरता वाटलं, अरे, हीच की त्याची इन्व्हेंटरी!

संध्याकाळी त्याच्यासमोर वही ठेवली. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरतात. मुलं ५०, म्हणजे रोज ५ किलो. कळवल्यापासून तांदूळ यायला शाळेचे साधारण ८ दिवस लागतात असं धर. तेवढ्या दिवसांत ४० किलो संपणार. गाडी उशिरा आली तर? म्हणून ३ दिवसांचे १५ किलो हाताशी हवेत. मग कोठीत किती उरले की मी कळवायचं?

तो म्हणाला, "पंचावन्न." आणि लगेच, "ताई, हा तर रीऑर्डर पॉइंट!"

बरोबर. ते ८ दिवस म्हणजे लीड टाइम, ते १५ किलो म्हणजे सेफ्टी स्टॉक, आणि ५५ किलो म्हणजे रीऑर्डर पॉइंट. एक भरलेलं पोतं आणि वर पाच किलो. आमच्या स्वयंपाकीण मावशी हे सूत्र न वाचता सांगतात: "बाई, शेवटचं पोतं उघडायच्या आत कळवा."

मग दुसरं सूत्र घेतलं. एका वेळी किती मागवावं म्हणजे खर्च सगळ्यात कमी येईल? फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन माणसाने १९१३ मध्ये ते मांडलं. भावाला वर्गमुळाचं सूत्र पाठ होतं, पण ते का तसं आहे हे माहीत नव्हतं. मी म्हटलं, सूत्र विसर. एका वसतिगृहाला वर्षाला १२०० किलो गहू लागतो. प्रत्येक फेरीला टेम्पोचे ६० रुपये. गहू साठवून ठेवायचा खर्च किलोमागे वर्षाला १० रुपये. आता हाताने कर.

- दर वेळी ६० किलो आणले तर २० फेऱ्या, १२०० रुपये. सरासरी साठा ३० किलो, त्याचे ३०० रुपये. एकूण १५००.
- दर वेळी २४० किलो आणले तर ५ फेऱ्या, ३०० रुपये. सरासरी साठा १२० किलो, त्याचे १२०० रुपये. एकूण पुन्हा १५००.
- दर वेळी १२० किलो आणले तर १० फेऱ्या, ६०० रुपये. सरासरी साठा ६० किलो, त्याचे ६०० रुपये. एकूण १२००.

सूत्रानेही उत्तर १२० च येतं. जिथे आणायचा खर्च आणि ठेवायचा खर्च सारखा होतो, तिथे एकूण खर्च सगळ्यात कमी. हे एकदा हाताने केलं की सूत्र विसरलं तरी माणूस पुन्हा तिथे पोहोचतो. आणि बघा, या तीन ओळींत गुणाकार, भागाकार आणि बेरीज याशिवाय काही नाही. आपल्या चौथीच्या मुलांना येणारं गणित!

चिंचोक्यांचा खेळ

त्याच्या पुस्तकात एका खेळाचा उल्लेख होता. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या दशकात तो तयार झाला. आम्ही रविवारी घरी चिंचोके घेऊन खेळलो. माझी मुलगी दुकानदार, मी ठोक व्यापारी, भाऊ वितरक आणि आई कारखाना. नियम साधे. गिऱ्हाईकाच्या चिठ्ठ्या फक्त दुकानदाराने बघायच्या. प्रत्येकाने मागच्याकडे चिठ्ठीवर मागणी लिहून द्यायची, माल दोन डावांनी येणार, आणि आपसात बोलायचं नाही.

पहिले चार डाव गिऱ्हाईक ४ मागत होतं, पाचव्या डावापासून ८. बस्स, एवढाच बदल. पण मुलगी घाबरली, तिने १२ मागितले. मी घाबरून १८ मागितले. आईपर्यंत जाईतो आकडा तिशीच्या वर गेला. थोड्या वेळाने सगळ्यांकडे माल आला आणि मागणी एकदम शून्यावर. आई चिंचोक्यांच्या ढिगापुढे बसून म्हणाली, "आता हे कुणाच्या डोक्यावर घालू?"

भाऊ हसायचा थांबला. म्हणाला, "ताई, दिवाळीनंतर आमच्या गोदामात हेच होतं."

याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात, म्हणजे आसुडाचा परिणाम. मुठीकडे हात थोडासा हलतो, पण टोकाला फटका जोराचा बसतो. व्याख्या त्याला आधीच पाठ होती. पण परीक्षेत व्याख्या विचारत नाहीत. तिथे साधारण असा प्रश्न येतो (हा मी बनवलेला आहे): गिऱ्हाईकाची मागणी फारशी बदललेली नाही, तरी कारखान्याकडे येणाऱ्या ऑर्डरी खूप वरखाली होत आहेत. सर्वात आधी काय कराल? साठा वाढवाल, जास्त गाड्या लावाल, पुरवठादार बदलाल, की दुकानातल्या विक्रीचा खरा आकडा साखळीतल्या सगळ्यांना दाखवाल? पाठांतर करणारा इथे अडखळतो. चिंचोके मोजलेला माणूस शेवटचा पर्याय निवडतो, कारण त्याला आठवतं की चिठ्ठी फक्त मुलीनेच बघितली होती.

आता तो कसा अभ्यास करतो

ती पीडीएफ त्याने काढून टाकली. अशा परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर न सांगण्याची अट मान्य करावी लागते. तेव्हा फुटलेले प्रश्न पाठ करणं हे कॉपीच. आणि कॉपीने मिळालेल्या कागदावर गोदाम चालत नाही.

आता प्रत्येक संज्ञेला वहीत तीन रकाने आहेत: इंग्रजी शब्द, मराठीत अर्थ, आणि स्वतःच्या गोदामातलं उदाहरण. तिसरा रकाना रिकामा असेल तर ती संज्ञा आली नाही असं समजायचं. दुसरी वही चुकांची. प्रश्न चुकला की कारण लिहायचं: माहीतच नव्हतं, गणित चुकलं, की प्रश्न नीट वाचला नाही? महिनाभरात लक्षात आलं की त्याच्या बऱ्याच चुका तिसऱ्या प्रकारच्या. 'बेस्ट', 'फर्स्ट', 'एक्सेप्ट' हे शब्द तो घाईत गाळायचा. म्हणजे इंग्रजीची अडचण होती, पण ती मोजक्या शब्दांची. २१० मिनिटांत १५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ८४ सेकंद. त्यातली पहिली वीस प्रश्न वाचण्यासाठी, असं त्याने ठरवलंय. आणि रोज रात्री जेवताना एक संज्ञा आईला समजावून सांगायची. आई "कळलं" म्हणाली तरच पुढे.

मग पाठांतर नकोच का?

असं मी म्हणत नाही. पाढे पाठ हवेतच. सूत्रंही हवीत, परीक्षेत दर वेळी गव्हाचा हिशोब मांडत बसायला वेळ नसतो. पण पाठांतर शेवटी यावं. आधी हाताने करून बघणं, मग स्वतःच्या शब्दांत सांगणं, मग पाठ करणं. आपण क्रम उलटा लावतो आणि बऱ्याचदा पहिल्या पायरीवरच थांबतो. चौथीत ते खपून जातं. दहावीतही खपतं. एकतिसाव्या वर्षी, पगारातून फी भरून दिलेल्या परीक्षेत ते खपत नाही. तोवर मूल मात्र स्वतःलाच दोष द्यायला शिकलेलं असतं: माझं इंग्रजी कच्चं, माझं मिडियम चुकलं, माझं डोकंच नाही.

म्हणून या सत्रापासून मी वर्गात एक बदल केलाय. पोषण आहाराचा रोजचा हिशोब आधी चौथीची मुलं फळ्यावर करतात, मग मी नोंदवही भरते. आज हजर किती, तांदूळ किती लागेल, किती उरेल, हा साठा किती दिवस पुरेल? परवा एक मुलगा म्हणाला, "बाई, पुढच्या आठवड्यात जत्रा आहे, मुलं कमी येतील, तांदूळ जास्त दिवस पुरेल." त्याने मागणीचा अंदाज बांधला होता. भावाच्या अभ्यासक्रमात त्यासाठी अख्खा विभाग आहे.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याही शाळेत कोठी आहे, नोंदवही आहे. वेगळं साहित्य लागत नाही. आणि पालकहो, एकच विनंती. मूल घरी आलं की "किती मार्क पडले?" याच्या आधी "आज काय शिकलास ते मला समजावून सांग" असं म्हणा. तुम्हाला त्यातलं येत नसेल तर फारच चांगलं. आमच्या आईला सप्लाय चेनमधलं काही येत नाही, म्हणूनच ती भावाची सगळ्यात चांगली परीक्षक आहे.

त्याची दुसरी परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. ३०० च्या वर जाईल की नाही, ते त्या दिवशी कळेल. पण काल रात्री त्याने आईला सेफ्टी स्टॉक सांगितला. म्हणाला, "आई, तू डब्यात तळाशी दोन मुठी साखर ठेवतेस ना, पाहुणे आले तर असावी म्हणून? तेच."

आई म्हणाली, "एवढ्यासाठी डॉलर भरलेस होय?"